फुकटचं औषध आणि पांढरं वरण

ट्रायलचं औषध फुकट असतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या मालकांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला. मला मात्र लगेच शंका आली. मी शिवणकाम करते, आणि अस्तर फुकट देणारा दुकानदार ते कापडात कुठेतरी वसूल करतो हे मला पक्कं ठाऊक आहे. दवाखान्याने तसं काही केलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? औषध खरंच फुकट मिळालं. पण त्या औषधापर्यंत पोचायला आणि तिथे टिकून राहायला आमच्या घराचं काय काय गेलं, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तुमच्या घरात कुणाला डॉक्टर ‘ट्रायलमध्ये येता का?’ असं विचारत असतील, तर हे वाचून नाही म्हणू नका. डोळे उघडे ठेवून हो म्हणा.

मी मंगल, राहणार डोंगरकडा. घरात मी, मालक, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शेती थोडीच, पण त्यात हळद ठरलेली. माझं शिवणयंत्र ओसरीत असतं आणि लग्नसराईत त्याला उसंत नसते. नसायची, असं म्हणायला हवं.

शिवणीत दोष नव्हता

नवीन ब्लाउज घातला तर काखेपाशी टोचायला लागलं. मी शिवण उसवली, पुन्हा घातली, घालून पाहिलं. पुन्हा टोचलं. लोकांचे ब्लाउज बेतण्यात माझी उमर गेली आणि स्वतःचाच बिघडला म्हणून मला राग आला. तिसऱ्यांदा उसवताना हाताला गाठ लागली.

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता मालकांना म्हणाले, “पेशंटला जरा बाहेर बसवता का?”

मालक उठायला लागले. मी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. “गाठ माझी हाय, सायेब. मीच ऐकते.”

ऐकलं. मग बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले आणि ढसाढसा रडले. ते धाडस आणि ते रडणं दोन्ही माझंच होतं. आजारी माणसाने शूरच असावं असं लोकांना वाटतं, पण दोन्ही गोष्टी एकाच सकाळी होऊ शकतात.

ऑपरेशन नांदेडला झालं, डावी बाजू काढली. केमोही तिथेच झाली. केस गेले ते परत आले. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या त्या मात्र गेल्या नाहीत. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागायची. डाव्या बाजूला भरायला मी स्वतःच अस्तराच्या कापडाची कापूस भरलेली गादी शिवली आणि ब्लाउजला आतून खिसा लावला. तो बेत इतका जमला, की वॉर्डातल्या बायकांनी माप देऊन ठेवलं. त्या सगळ्या खटाटोपात ही एक गोष्ट मनासारखी झाली.

प्रयोग

माझा आजार परत उलटण्यातला होता. म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी कागद मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सावकाश समजावलं. एका नव्या गोळीची तपासणी चालू आहे. नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळतील. त्याशिवाय निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवणार. मला कळणार नाही आणि त्यांनाही कळणार नाही.

“म्हणजे मला खोटी गोळी बी मिळू शकते?” मी विचारलं.

“मिळू शकते.”

“अन् मी एवढ्या लांबून येऊन राहणार?”

“हो. नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील. घाईने सही करू नका. घरी जाऊन विचार करा.”

घरी विचार करायला गावच आलं. शेजारची कौसाबाई दारातूनच म्हणाली, “मंगल, प्रयोग करून राहिले तुझ्यावर ते! काहून जातीस?”

“नांदेडला मला जे औषध दिलं, ते बी कुणीतरी आधी अंगावर घेऊन बघितलं असंल ना, मावशी?” मी म्हणाले.

हे उत्तर ऐकायला छान वाटतं. पण मी पुण्य कमवायला हो म्हटलं नव्हतं. मला जगायचं होतं. मुलीचं लग्न तिला हवं तेव्हा आणि हवं तिथे व्हावं, आणि तिचा ब्लाउज मी शिवावा, एवढा साधा मतलब होता. मी सही केली.

सोबत

आता खर्चाचं बोलते. पैशाचा हिशोब मी सांगणार नाही, तो प्रत्येक घराचा वेगळा असतो. दवाखाना पेशंटच्या प्रवासाचं भाडं देतो, उशिरा का होईना, खात्यात जमा होतं. सोबत येणाऱ्याचं मात्र देत नाही. आणि सोबत कुणी असल्याशिवाय येऊ नका, असाही नियम. डोंगरकड्याहून नांदेड, तिथून रेल्वे, मग धर्मशाळेत मुक्काम, कारण रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं. तपासणीची तारीख गोळीच्या हिशोबाने ठरते. ती पुढे-मागे करायला फार वाव नसतो. घरात लग्न असो की शेतात काम.

आमच्याकडे हळद शिजवायची म्हणजे घरच्या माणसाने शेतातल्या मोठ्या वाफेच्या कुकरपाशी उभं राहावं लागतं. जास्त शिजली तर हळकुंड मऊ पडतं आणि कमी शिजली तर वाळताना सुरकुततं. मालक वाफेच्या वासावरून सांगायचे, काढा आता. त्या वर्षी शिजवणी आणि माझी तपासणी एकाच वेळी आली. हळद शिजवायचं काम दुसऱ्यांना उक्तं देऊन मालक माझ्याबरोबर रेल्वेत बसले. परत आलो तर अर्धी हळद शिजून झालेली होती. मालकांनी एक हळकुंड मोडून पाहिलं आणि बाजूला टाकलं. पॉलिश करूनही तिला तेज आलं नाही. मोंढ्यात विकायला नेली तेव्हा ते तोंड फिरवून उभे होते, असं त्यांच्या भावाने सांगितलं. मला ते कधीच काही बोलले नाहीत. माणूस बोलत नाही तेव्हा फार लागतं.

लग्नसराईची माझी कामं बाळापूरच्या शिंपिणीकडे गेली. मीच पाठवली. तारखेला देता येणार नाही ते कापड घरात ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हेही मला माहीत होतं.

धर्मशाळेत आमच्या शेजारी एक बाई असायच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, आमच्याच ट्रायलमधल्या. त्यांच्याबरोबर कधी मुलगा यायचा, कधी जावई. एका तपासणीला त्या आल्याच नाहीत. नंतर कळलं, सोबत यायला घरात कुणी उरलं नाही म्हणून त्यांनी ट्रायल सोडली. आजार झेपला, गोळी झेपली, पण सोबत झेपली नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी आपण मधे सोडायचं नाही. एवढं घालवलंय तर शेवटपर्यंत जायचं.

पिवळं फडकं

पुढच्याच तपासणीला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“मंगलताई, लिव्हरचे आकडे फार वर गेलेत. गोळीचा परिणाम असू शकतो. गोळी आत्ता थांबवू. पुढच्या वेळी आकडे खाली आले नाहीत, तर तुम्हाला ट्रायलमधून बाहेर काढावं लागेल.”

मग त्यांनी कागद पुढे ओढला.

“घरी दुसरं कुठलं औषध घेता का? जडीबुटी, भस्म, पुडी?”

“न्हाई,” मी म्हणाले. अगदी छातीठोक. कारण त्या बाबतीत मी फार कडक होते. मालकांच्या मावशीने वाशीमकडच्या एका वैदूची पूड आणली होती, ती मी पुडी न सोडता परत पाठवली होती. मावशी अजून रुसलेली आहे.

घरी आलो. हातपाय धुऊन ओसरीत बसले तोच आत्याबाई पेला घेऊन आल्या. ओल्या हळदीचा रस, फडक्यातून पिळलेला, मिरे आणि गूळ घालून उकळलेला. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. ऑपरेशन झाल्यापासून मी तो पीत होते. आत्याबाई शेतातून गड्डे निवडून आणायच्या, पाट्यावर ठेचायच्या. त्या वयात त्यांचे गुडघे काय म्हणत असतील ते त्यांनाच माहीत. हळदीने गाठ जिरते असं त्यांनी कीर्तनातही ऐकलं होतं आणि मोबाइलवरही.

मी पेला तोंडाला लावणार तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेलं गाळणीचं फडकं दिसलं. ते अस्तराचं पांढरं कापड मीच आत्याबाईंना दिलेलं. कितीदा धुतलं होतं कोण जाणे, पण ते असं पिवळंधम्मक झालं होतं की मूळ रंगाचा मागमूस नव्हता. मी फडक्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि पेला खाली ठेवला.

दवाखान्यात मला औषध विचारलं होतं. हे औषध आहे असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे हळद अंगणात पडलेली असते. ती कपड्यांना असते, नखांत असते, गुरांच्या जखमेत असते. हवा खाता का असं कुणी विचारलं तर माणूस हो म्हणेल का?

सांगायचं की नाही

“आजपासून बंद कर,” मालक म्हणाले. “पण तिथं सांगू नको.”

“काहून?”

“नियम मोडला म्हणून काढून टाकतील. गप बंद केलं की आकडे खाली येतील. कुणाला काय कळून राहिलं?”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. हळद गेली, गिऱ्हाईक गेलं, मुलीच्या बारावीकडे कुणी बघितलं नाही, आणि आता माझ्याच तोंडाने सांगून बाहेर पडायचं? मला भीती वाटली, हे सरळ सांगते. मी जेवले नाही. मशीनपाशी जाऊन बसले आणि रिकामंच पायडल मारत राहिले.

मग एक गोष्ट डोक्यात आली आणि हटेना. मी गप्प राहिले तर डॉक्टरबाई कागदावर लिहिणार, गोळीने लिव्हर बिघडलं. माझ्यासारखंच कुठे कुठे कोण हळद पीत असेल, तेही गप्प राहतील. मग ही गोळी चांगली असली तरी वाईट ठरेल. उद्या एखाद्या बाईला ती मिळायची ती मिळणार नाही. का, तर डोंगरकड्याच्या मंगलने हळदीचा पेला लपवला. माप चुकीचं घेतलं की पुढचं सगळं कापड वाया जातं. मी चुकीचं माप कुणाला देत नाही.

मी मालकांना हे सांगितलं. ते बराच वेळ सुतळीच्या गाठी सोडवत बसले.

“तुला खोटी गोळीच मिळून राहिली असंल तर?”

“तरी बी सांगायचं.”

“बराबर हाय,” ते शेवटी म्हणाले. “लाव फोन.”

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “म्हणजे माझ्या हळदीनं तकलीफ झाली तिला?” असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं फोनवर नंबर शोधत राहिलो, आणि ते नको होतं व्हायला.

तपासण्यांच्या तारखा सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. फोन त्यांनीच घेतला. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती घेत होता, कधीपासून, त्यात मिरे होते का? मिऱ्याने हळद अंगात जास्त भिनते, म्हणाल्या. सगळं लिहून घेतलं. नंतर डॉक्टरबाई स्वतः फोनवर आल्या आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत. पण हे वर कळवावं लागेल. तुम्हाला ठेवायचं की नाही ते आता पुढच्या तपासणीवर.”

“भाजीतली हळद चालंल का?” मी विचारून घेतलं.

“चिमूटभर? खुशाल खा.”

आत्याबाई

दुसऱ्या दिवशी ताटात वरण आलं ते पांढरं. बटाट्याची भाजी पांढरी. कढीसुद्धा पांढरी. मुलगी म्हणाली, “आजी, हळद विसरलीस.” डब्यातला हळदीचा कप्पा त्यांनी रिकामा करून धुऊन पालथा घातला होता.

मी समजावलं, डॉक्टरबाई चालते म्हणाल्यात.

“त्या बाईला चालंल,” आत्याबाई म्हणाल्या. “मला न्हाई चालत. जलमभर हळदीत हात घातला, मला वाटलं मला म्हाईत हाय. मला काई म्हाईत न्हाई.”

मला त्यांचा राग आला होता, तो त्या वाक्याने गेला. ज्या घरात हळदीची पोती भिंतीला लावलेली, तिथे आम्ही सगळे पांढरं वरण जेवायला लागलो. कौसाबाई डोकावून म्हणाली, “हे काय, सुतकात हाव का?”

तपासणीची तारीख आली तेव्हा आमच्या रानातली उशिरा लावलेली हळद शिजायची होती. मालक पिशवी भरायला लागले, तर आत्याबाई नऊवारी चापूनचोपून नेसून समोर उभ्या.

“तू कुकरपाशी थांब. मी जाते सोबत.”

“आई, तुझे गुडघे...”

“गुडघे माझे हायत ना? मग?”

रेल्वेत त्या मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. धर्मशाळेचे जिने त्या एकेक पायरी बसत बसत चढल्या. सकाळी रक्त दिलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. मी समोरच्या पेशंटच्या गाऊनच्या नाड्यांकडे बघत होते. त्या नेहमी चुकीच्या जागी लावलेल्या असतात. एरवी मी त्यावर कुणाशी तरी बोलले असते.

हाक आली. मी उठायच्या आत आत्याबाई डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी पोचल्या होत्या आणि त्यांनी हात जोडले होते.

“बाई, ती हळद मी दिली. माझ्या हातानं. तिनं मागितली नव्हती. काय शिक्षा करायची ती मला करा, पण तिला काढू नका. लई लांबून येऊन राहिली ती.”

डॉक्टरबाई उठल्या आणि त्यांनी आत्याबाईंना खुर्चीत बसवलं.

“आजी, आकडे खाली आलेत. कुणालाही काढत नाही. गोळी पुन्हा चालू करतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आम्ही औषध विचारलं, खाणंपिणं विचारलं नाही. आता सगळ्यांना विचारतो.”

आत्याबाईंना पहिलं वाक्य कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मलाच विचारलं, “व्हय म्हणाली का न्हाई?”

“व्हय म्हणाल्या, आत्याबाई.”

शेवटची गोळी

त्यानंतर एकही तपासणी मी चुकवली नाही. कधी मालक, कधी आत्याबाई, परीक्षा संपल्यावर मुलगी. तापात गेले, पुरात रस्ता बंद असताना फिरून गेले. ठरल्या मुदतीची शेवटची गोळी घेतली आणि रिकामी बाटली परत दिली. बाटल्याही मोजून परत द्याव्या लागतात. स्कॅन स्वच्छ आला. आत्तापुरता, असं डॉक्टर म्हणतात, आणि मीही आता तसंच म्हणायला शिकले आहे.

मला खरी गोळी मिळाली की खोटी, ते अजून माहीत नाही. कदाचित नुसत्या खडूसारख्या गोळीसाठी आम्ही ते सगळं केलं असेल. तसं असेल तरी मी केलेलं वाया गेलं असं मी मानत नाही. माझं माप मी बरोबर दिलं. पण तुम्ही जाणार असाल तर आधी विचारा: सोबतीचं काय? रक्त जवळच्या गावात देता येईल का? तारखा कधीच्या? आणि घरात जे काही पोटात जातं, ते औषध वाटो न वाटो, सगळं सांगा. विचारायची लाज बाळगू नका. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, तसाच विचारायचाही आहे.

शेवटच्या तपासणीहून आले त्या दिवशी घरात सगळे जेवायला थांबले होते. पातेल्यात वरण होतं, पांढरं. इतक्या महिन्यांत आम्हाला त्याची सवय झाली होती. मी मागच्या खोलीत गेले, आमच्याच पोत्यातली हळद दळून ठेवलेल्या डब्यातून चिमूट घेतली. मालकांनी स्वतः कुकरपाशी थांबून शिजवलेल्या खेपेची होती ती. माझ्या बोटांना चिमटीतलं नीट कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघून घेतली. पळीत तेल तापवलं, मोहरी तडतडली, हळद टाकली आणि फोडणी पातेल्यात ओतली.

आत्याबाई पाटावरून अर्ध्या उठल्या. “अगं, विचारलंस का बाईला?”

“विचारलं.”

“आज विचारलंस? का मागं कधी?”

“आज विचारलं, आत्याबाई.”

वरण पिवळं झालं. त्या बघत राहिल्या. मग पळी माझ्या हातातून घेतली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात वाढून, घोट घेऊन, जरा थांबल्या. काही होतंय का ते बघितल्यासारख्या. मग माझं ताट पुढे ओढून त्यात वाढलं.

“जेव आता,” म्हणाल्या. “थंड होऊन राहिलं.”